मोहमुक्त स्वयंपाकघराचं प्रमाणपत्र

मनुष्यप्राण्याची अधोगती पिष्टमय पदार्थांपासून सुरू होते, याबद्दल आता जबाबदार लोकांत दुमत उरलेलं नाही. (बेजबाबदार लोकांचं तोंड भरलेलं असतं, त्यामुळे त्यांचं मत विचारता येत नाही.) आजवर जेवढी साम्राज्यं बुडाली, त्या सगळ्यांत लोक भात, नाहीतर पाव, नाहीतर बटाटे खात होते. जी बुडाली नाहीत तिथले लोकही तेच खात होते, पण तो मुद्दा इथे गैरलागू आहे.

हे सत्य ज्यांना वेळेवर उमगलं, अशा भाग्यवंतांपैकी एक म्हणजे वजनमापे खात्यातले एक वरिष्ठ निरीक्षक. वय एक्कावन्न, नोकरी तेवीस वर्षं, रजा शिल्लक भरपूर. दुकानादुकानांतून हिंडायचं, काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. बाजारपेठेत त्यांना सगळे ‘चार ग्रॅम’ म्हणत, अर्थात पाठीमागे. एका बटाटेवाल्याचा काटा त्यांनी फक्त चार ग्रॅमच्या फरकासाठी जप्त केला होता. तो बिचारा गयावया करत म्हणाला, ‘साहेब, चार ग्रॅम म्हणजे बटाट्याची सालसुद्धा नाही हो!’ त्यावर निरीक्षक शांतपणे म्हणाले, ‘आज साल आहे, उद्या बटाटा असेल.’ हे वाक्य पुढे खात्याच्या प्रशिक्षणवर्गात फळ्यावर लिहिलं जाऊ लागलं. घरी मात्र त्यांची आई त्यांना अजून गुंड्या म्हणायची, आणि तेही लोकांसमोर.

निरीक्षकांच्या बाथरूममध्ये एक वजनकाटा होता. तो व्यापारी मंडळानं त्यांच्या सत्कारात दिलेला. (अधिकाऱ्यानं भेट घेणं नियमात बसत नाही. स्मरणचिन्ह बसतं. काट्यावर ओले पाय ठेवून उभं राहता येत असलं तरी तो स्मरणचिन्हच होता.) सत्काराच्या वेळी मंडळाचे अध्यक्ष हसत हसत म्हणाले होते, ‘साहेब, यालाही शिक्का मारा की!’ साहेबांनी टाळ्यांच्या कडकडाटात तिथल्या तिथे शिक्का मारला. पडताळणी केली नाही, कारण व्यासपीठावर वजनं नव्हती, नुसती फुलं होती. आणि एकदा खात्याचा शिक्का बसला की मुदतीच्या आत तो काटा पुन्हा तपासायचा नसतो. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवला नाही तरी चालेल. निरीक्षकांनीही ठेवला नव्हता.

तर एका सोमवारी सकाळी निरीक्षक त्या काट्यावर उभे राहिले आणि काट्यानं चौऱ्याऐंशी दाखवले. त्यांच्या उंचीला अठ्ठ्याहत्तरपर्यंत माफी होती. म्हणजे सहा किलोंचा फरक. चार ग्रॅमसाठी माणसाला रडवणारा अधिकारी स्वतःच्या अंगावर सहा किलो बेहिशेबी बाळगून हिंडत होता! त्यांना चहाही गोड लागेना. (त्यात साखर दोन चमचे होती.)

त्याच दिवशी ते आहारसल्लागार बाईंकडे गेले. बाईंचं कार्यालय एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढेपर्यंत ताज्या पावाचा वास अंगाला चिकटायचा, त्यामुळे माणूस आत पोचेपर्यंत आपोआप अपराधी झालेला असे. बाईंकडेही एक काटा होता, पण त्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवलेली होती.

‘घरी वजन केलंत ना सर? किती भरलं?’ बाईंनी विचारलं.

‘चौऱ्याऐंशी. पण इथे एकदा परत...’

‘सर, काय लाजवता! तुमच्याच काट्यावर शंका घेणारी मी कोण?’

निरीक्षकांना हे पटलं. बाईंनी त्यांना ‘हलके आपण’ या मोबाइलवरच्या गटात घेतलं आणि हातात एक छापील आहारसंहिता दिली. तिच्यात ‘काय खाऊ नये’ याला अकरा पानं होती आणि ‘काय खावे’ याला अर्धं. उरलेल्या अर्ध्या पानावर बाईंचा फोटो होता.

निरीक्षकांनी संहितेची अंमलबजावणी रीतसर केली. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी निषिद्ध पदार्थांची यादी मोठ्यानं वाचली. हजर होत्या दोघीच. एक बायको, जी टपाल कचेरीत दिवसभर खिडकीवर बसून आल्यामुळे याद्या ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती, आणि दुसरी आई, जी नेहमीच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होती.

‘म्हणजे नक्की काय नाही खायचं म्हणतोस?’ आईनं विचारलं.

‘पिष्टमय पदार्थ.’

‘ते आपण कधी केलेत?’

‘आई, भात, पाव, बटाटे, साखर. हे सगळं पिष्टमय.’

‘अरे देवा! मग राहिलं काय?’

‘कोबी आहे. काकडी आहे. अंडी, मासे...’

‘कोबी तर आपण पाहुण्यानं लवकर जावं म्हणून करतो,’ आई म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

बायकोनं मात्र मुळीच विरोध केला नाही. ती म्हणाली, ‘अहो, मीही तुमच्याबरोबर तेच खाईन. दोन-दोन स्वयंपाक कोण करणार?’ याला संहितेत ‘सहानुभूतीचा आहार’ असं नाव होतं. (ती रोज दुपारी कचेरीच्या उपाहारगृहात लोणी लावलेले दोन पाव खायची. हे निरीक्षकांना माहीत नव्हतं, त्यामुळे तो आहार सहानुभूतीचाच राहिला.)

आता खरी अडचण होती ती घरातल्या तीन जुन्या गुन्हेगारांची. बाहेरचं खाणं सोडायला काय लागतं? दुकानाच्या दारात नाक मुरडलं की झालं. पण जे खाऊन माणूस चालायला शिकला, त्याच्यापुढे नाक मुरडायचं कसं?

पहिला गुन्हेगार बटाटा. आई तो जाड कापून लोण्यात परतायची आणि परतता परतता खिडकीतून शेजारणीशी बोलायची, त्यामुळे प्रत्येक फोड एका बाजूनं काळी व्हायची. बटाटा एका बाजूनं काळाच असतो, अशी निरीक्षकांची लग्न होईपर्यंत समजूत होती. दुसरा पावाच्या लादीचा शेवटचा तुकडा, म्हणजे कड. तिला लोणी लावून वर साखर भुरभुरायची, आणि त्या दिवशी शाळेत जो रडला असेल त्याला ती मिळायची. घरात मूल एकच असल्यानं ती नेहमी त्यालाच मिळे, पण आई विचारायची जरूर, ‘आज कोण रडलं?’ कधी कधी निरीक्षक कडेसाठी खोटं रडून येत.

आणि तिसरा म्हणजे दूधभात. दर रविवारी आई जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ, दूध आणि साखर मंद आचेवर तासभर ठेवायची. वरचा भात सगळ्यांचा, पण तळाला लागून सोनेरी झालेली खरवड गुंड्याची. चपट्या चमच्यानं ती खरवडताना खर्र खर्र आवाज व्हायचा. घराच्या कुठल्याही खोलीत असला तरी गुंड्या त्या आवाजाला धावत यायचा. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. चार दिवस घरात माणसांची रीघ होती, पाचव्या दिवशी कुणीच नव्हतं. दुपारी आईनं पातेलं चढवलं. तासाभरानं तो खर्र खर्र आवाज ऐकून गुंड्या उठून स्वयंपाकघरात गेला. आईनं सगळी खरवड त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘खा. आता आपण दोघंच.’ त्या दिवशी त्याला वाटलं, आपण दोघंच असलो तरी चालेल.

हा प्रसंग संहितेत ‘भावनिक खाणे’ या सदराखाली पान सातवर येतो. तिथे त्याच्यावर ‘ग्लासभर कोमट पाणी प्यावे’ असा उपाय दिलेला आहे.

पहिल्या रविवारी निरीक्षकांनी पाणी प्यायलं. तीन ग्लास. तरी खर्र खर्र आवाज आलाच. ते उठून बाल्कनीत गेले आणि हातातल्या काकडीकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या रविवारी ते सरळ कचेरीत निघून गेले. कचेरी बंद होती. ते राखणदाराशेजारी बाकावर बसले. राखणदारानं डबा उघडला, त्यात लोण्यात परतलेले बटाटे होते, आणि तेही एका बाजूनं काळे. ‘घ्या ना साहेब!’ साहेब उठून चालू लागले. तिसऱ्या रविवारी त्यांनी ओला टॉवेल तोंडावर बांधला आणि बायकोला वाटलं यांना ताप आला. चौथ्या रविवारी त्यांनी बाईंकडे लेखी विचारणा केली, की वास घेणे हे सेवन धरावे किंवा कसे. बाईंचं उत्तर आलं: ‘वास वायुरूप असल्याने तो पिष्टात मोजला जात नाही. तथापि मुद्दाम दोनदा ओढून घेतल्यास मोजला जाईल.’ निरीक्षक त्या दिवशी एकदाच ओढून घेत उभे राहिले, आणि तो श्वास त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

‘हलके आपण’ गटात दोनशे बारा सदस्य होते. रोज सकाळी प्रत्येकानं कालच्या मोहाची कबुली द्यायची आणि बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवायची, अशी पद्धत होती. बाईंनी या मोहांची आकडेवारी काढली. एकसष्ट टक्के मोह आईच्या हातचे, बावीस टक्के सासूच्या, चौदा टक्के शेजारच्या घरातले आणि फक्त तीन टक्के स्वतः करून खाल्लेले. आकडे हाती आल्यावर निष्कर्ष निघायला कितीसा वेळ लागतो? बाईंनी परिपत्रक काढलं: ‘सदस्यांनी मोहाशी झगडण्यात शक्ती वाया न घालवता मोहाच्या उगमस्थानाशी बोलावे.’

अकराव्या रविवारच्या आधी निरीक्षक उगमस्थानाशी बोलायला गेले. उगमस्थान खुर्चीत बसून उन्हाला पाय शेकत होतं.

‘आई, रविवारचं ते आता करू नकोस.’

‘तुला नको तर नको. मला लागेल ना!’

‘तुझ्यापुरतं कर की थोडं.’

‘वाटीभर दूधभात होतो होय रे? पातेलं भरल्याशिवाय खाली लागत नाही. आणि खाली लागलं नाही तर तो दूधभात कसला? ते नुसतं भिजवलेलं अन्न.’

‘मग काही दिवस राहू दे ना. माझ्यासाठी.’

आईनं पाय उन्हातून मागे घेतले. मग म्हणाली, ‘तुझ्यासाठीच तर करत होते.’

अकराव्या रविवारी पातेलं चढलं नाही. हळूहळू बटाटेही घरात येईनासे झाले, कारण यादीबाहेरचं सामान आणणं म्हणजे घरातच चोरटा माल ठेवणं. पाव तर पहिल्याच आठवड्यात हद्दपार झाला होता. निरीक्षकांनी गटात कळवलं, ‘आईंनी पूर्ण सहकार्य केले.’ एकशे अठ्ठ्याण्णव टाळ्या आल्या. बाईंनी चौकटीत बसवलेलं ‘मोहमुक्त स्वयंपाकघर’ असं प्रमाणपत्र पाठवलं. ते लावायला खिळा शोधताना असं दिसून आलं की भिंतीत एकच मजबूत खिळा आहे आणि त्यावर ते जाड बुडाचं पातेलं लटकतंय. पातेलं माळ्यावर गेलं. प्रमाणपत्र खिळ्यावर गेलं. घराचा चेहराच बदलला, असं पाहायला आलेल्या एका सदस्यानं सांगितलं. (त्याला काकडी देण्यात आली.)

आईचं सहकार्य खरोखर वाखाणण्याजोगं होतं. एवढ्या वयाची माणसं नव्या गोष्टींना किती खळखळ करतात! आईनं चकार शब्द काढला नाही. तिची कवळी गेल्या वर्षापासून घट्ट बसत नव्हती, हिरडीला लागायची, म्हणून ती दिवसभर कपात असायची. कवळीशिवाय चावता येतील असे पदार्थ घरात पूर्वी तीनच होते, आणि ते तिन्ही आपण वर पाहिलेच आहेत. आता ताटात कच्चा कोबी यायचा. आई तो तोंडात बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवायची. बाई म्हणत, घास बत्तीस वेळा चावावा. आई तर शंभर वेळा फिरवते, असं निरीक्षक अभिमानानं गटात लिहीत.

एकदा बायकोनं शंका काढलीच. ‘अहो, आई नीट जेवतात का हो?’

‘संध्याकाळी तिचं ताट धुऊन ठेवलेलं असतं.’

‘धुतलंय म्हणजे खाल्लंय असं थोडंच आहे?’

‘पुरावा काय?’ निरीक्षकांनी विचारलं. नुसत्या संशयावरून काटासुद्धा जप्त करता येत नाही, हे खात्यातल्या नव्या माणसालाही माहीत असतं. बायको ताटं उचलू लागली. तिच्या पर्समध्ये पावाचा चुरा होता, त्यामुळे तिला फार ताणून धरता येत नव्हतं.

पुढे पुढे आईची अंगठी बोटातून निसटू लागली. तिनं तिला दोरा गुंडाळला. महिन्यानं आणखी दोरा गुंडाळला. हे निरीक्षकांच्या नजरेतून सुटलं असं कुणी म्हणू नये. त्यांनी ते पाहिलं आणि धातू जुना झाला की ताणतो, अशी मनात नोंद केली. आई दुपारची जास्त झोपू लागली. हे शांत स्वयंपाकघराचं लक्षण आहे, असं त्यांनी ठरवलं.

इकडे निरीक्षक स्वतः झपाट्यानं प्रगती करत होते. चौऱ्याऐंशीचे ऐंशी, ऐंशीचे शहात्तर, शहात्तरचे बहात्तर. शर्टात आणखी एक निरीक्षक बसेल अशी जागा झाली. गाल आत गेले, स्वभाव बाहेर आला. एका महिन्यात त्यांनी एकोणीस काटे जप्त केले, त्यांतले दोन चालू स्थितीतले होते. आणि सहा महिने भरल्यावर बाईंनी जाहीर केलं, की येत्या रविवारी गटाच्या मेळाव्यात त्यांचा ‘हलका क्रमांक एक’ म्हणून सत्कार होणार. सत्काराआधी सर्वांसमोर वजन होईल. त्यासाठी बाईंच्या काट्यावरची कुंडी काढण्यात आली आणि तो काटा तपासून द्यायची विनंती निरीक्षकांनाच करण्यात आली. म्हणून खात्यातली प्रमाणित वजनांची लाकडी पेटी, पाच किलोचं एक आणि वीस किलोचं एक अशी दोन पितळी वजनं, त्यांनी शनिवारीच घरी आणून ठेवली. ठेवली बाथरूमच्या दाराशी, कारण ते घरात शिरल्याशिरल्या लागतं आणि जड वस्तू आत कशाला न्या?

रविवार उजाडला. सव्विसावा रविवार. निरीक्षक आरशापुढे सैल कॉलर आवळत होते. तेवढ्यात आई बाथरूममधून बाहेर येताना दाराची चौकट धरून थांबली. ‘जरा गरगरतंय रे,’ ती म्हणाली. बायको धावली. तिनं आईला दंडाला धरलं आणि तिचा हात तिथेच थबकला.

‘अहो, इकडे या. यांचं एकदा वजन तरी करा!’

‘आत्ता? मला नऊला पोचायचंय.’

‘आत्ता.’ बायको हे खिडकीवरच्या आवाजात म्हणाली. त्या आवाजापुढे रांगेतली माणसंसुद्धा वाद घालत नसत.

आईला काट्यावर उभं केलं. काट्यानं चव्वेचाळीस दाखवले.

‘चव्वेचाळीस!’ निरीक्षक म्हणाले. ‘आई, तुला तर आमच्या गटात प्रवेशच मिळणार नाही.’

‘बरं आहे ना?’ आईनं विचारलं.

‘उत्तम आहे. काहीतरी उन्हाचं झालं असेल.’

इथे ते निघून गेले असते आणि सत्कारही घेतला असता. पण समोर काटा आणि पायाशी उघडी पेटी, असं दृश्य तेवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सहन होत नाही. त्यांच्या हातानं त्यांना न विचारताच वीस किलोचं वजन उचललं आणि काट्यावर ठेवलं.

काट्यानं सव्वीस दाखवले.

त्यांनी वजन उचललं, काट्याला फडकं मारलं, पुन्हा ठेवलं. सव्वीस. पाच किलोचं ठेवलं. अकरा. काटा दुसऱ्या फरशीवर नेला, तिसऱ्या फरशीवर नेला. प्रत्येक वेळी सहा किलो जास्त. आणि बाजूला त्यांचाच शिक्का, स्पष्ट, ठळक, मुदत न संपलेला.

निरीक्षकांना आधी स्वतःचं सुचलं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. चौऱ्याऐंशीतून सहा गेले, अठ्ठ्याहत्तर. म्हणजे ते पहिल्या दिवशीच पास होते! एक ग्रॅमही कमी करायची गरज नव्हती! सव्वीस रविवार, सव्वीस पातेली, अर्ध्या वर्षाची खरवड, सगळं फुकट! त्यांना हसू फुटलं, मग संताप आला, व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा डोळ्यापुढे आला. पण वजाबाकी एकदा सुरू झाली की ती सगळ्यांना सारखी लावायची असते, असा खात्याचा दंडक आहे. त्यांच्या मनानं दुसरी वजाबाकी केली.

चव्वेचाळिसातून सहा गेले, अडतीस.

ते उठून कपाटाकडे गेले. गेल्या वर्षी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाचा दवाखान्याचा कागद खणात होता. वजन, एकोणपन्नास. दवाखान्याचा काटा त्यांनी स्वतः तपासलेला होता, वजनं ठेवून. अकरा किलो. अकरा हजार ग्रॅम. चार ग्रॅमच्या मापानं दोन हजार सातशे पन्नास बटाटेवाले त्यांच्या घरातून, त्यांच्या नाकासमोरून निसटून गेले होते, आणि त्यांनी एकालाही हटकलं नव्हतं.

निरीक्षक ओल्या फरशीवर बसले. सत्काराची विजार भिजली.

‘काय रे गुंड्या?’ दारातून आईनं विचारलं. ‘बिघडलं का ते?’

‘बिघडलंय.’

‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून.’

‘मग तू शिक्का कसा मारलास?’

तेवीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकडो लोकांना विचारला होता. लोक काय उत्तर द्यायचे ते त्यांना आठवेना.

डॉक्टर शेजारच्या गल्लीतच राहायचे, त्यांना रविवार असूनही बोलावलं. त्यांनी आईला तपासलं, जीभ पाहिली, कपातली कवळी पाहिली आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र नीट वाचलं. मग म्हणाले, ‘आजार काही दिसत नाही. जेवणच दिसत नाही. रक्त तपासू, कवळी नवी करू. तोवर यांना मऊ काहीतरी द्या.’ काय द्यायचं, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. वाचकांनी ती यादी ओळखली असेल. (एकूण तीन नावं होती.)

निरीक्षक माळ्यावर चढले आणि पातेलं काढून आणलं. बायको पर्स घेऊन आली, त्यातून अर्धा पाव काढून तिनं गुपचूप दुधात भिजत घातला. निरीक्षकांनी तांदूळ मोजायला स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला, तेव्हा आई खुर्चीतून ओरडली, ‘ठेव तो काटा! मुठीनं घे.’

‘कुणाच्या मुठीनं?’

‘माझ्या. थांब.’ तिनं मूठ मिटून पाहिली. ‘आता लहान झालीय. चाराऐवजी सहा घे.’

तासाभरात दूधभात झाला. चांगला झाला असं म्हणणं खोटं ठरेल. सगळं पातेलंच जवळपास खरवड झालं होतं, आणि तीही सोनेरीच्या बरीच पुढे गेलेली. वरचा मऊ थर तेवढा आईला मिळाला. तिनं सात चमचे खाल्ले. निरीक्षक मोजत होते. सवय अशी एका दिवसात जात नाही. आठवा चमचा बाजूला ठेवून तिनं पातेलं ओढून घेतलं आणि चपट्या चमच्यानं खरवडू लागली. हातात जोर नव्हता. आवाज अगदी बारीक आला. तरी निरीक्षक जागेवरून उठून तिच्याजवळ आले, जसे नऊ वर्षांचे असताना आले होते.

‘हे तुझं,’ आई म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून तिनं विचारलं, ‘आज कोण रडलं?’

‘मीच,’ निरीक्षक म्हणाले. या वेळी ते खोटं नव्हतं.

मोबाइल वाजत होता. मेळाव्यात दोनशे अकरा सदस्य वाट पाहत होते. निरीक्षकांनी कळवलं की हलका क्रमांक एक आज येऊ शकत नाही, त्याच्या तोंडात घास आहे. सोमवारी त्यांनी घरच्या काट्याला रीतसर सील ठोकलं आणि जप्तीचा पंचनामा स्वतः भरला. ‘दोष’ या रकान्यात त्यांनी ‘सहा किलो’ लिहिलं. ‘दोषी व्यक्ती’ या रकान्यापाशी जरा थांबले आणि मग स्वतःचं नाव हुद्द्यासकट लिहिलं. पंचनामा वरिष्ठांकडे गेला, तिथून ‘त्रुटी: दोषी व्यक्ती व तपासणी अधिकारी एकच असू शकत नाहीत’ असा शेरा मारून परत आला. खिळ्यावर पुन्हा पातेलं लागलं. प्रमाणपत्र माळ्यावर आहे.

हे वाचताना वाचकांना निरीक्षकांचा राग आला असेल. तो नोंदवून घेतला आहे. त्याच नोंदवहीत वाचकांसाठीही एक पान राखून ठेवलेलं आहे, आणि त्यात फक्त दोन रकाने आहेत. पहिल्यात स्वतःचं वजन लिहायचं. हा रकाना बहुतेक जण न अडखळता भरतात, दशांश चिन्हासकट. दुसऱ्यात, ज्या हातानं तुम्हाला पहिला घास भरवला, त्या माणसाचं आजचं वजन लिहायचं. ते किलोतच लिहावं. ‘तब्येत ठीक आहे’, ‘जेवते म्हणाली’ आणि ‘परवाच फोन केला होता’ ही वजनं खात्याला मान्य नाहीत.